बिलीरुबीनवाले काकाजी

खोली पाहायला गेले तेव्हा मी आधीच तापलेली होते. वर्धेत त्या आठवड्यात जिथं जिथं खोली पाहिली तिथं आधी आडनाव विचारलं, मग "कळवतो" म्हणाले, आणि मग कोणी काही कळवलं नाही. माझी बसवर कंडक्टरची नवी नोकरी. डेपो पायी गाठता यावा आणि दाराला आतून कडी असावी, एवढंच माझं मागणं होतं. त्यामुळे हे पांढऱ्या केसांचे गृहस्थ आडनाव न विचारताच "चहा घेता न?" म्हणून आत वळले, तेव्हा मला आनंद व्हायच्या ऐवजी संशयच आला. मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. मांडणीवर स्टीलचे गिलास ओळीनं पालथे घातलेले. आणि एक गिलास त्या सगळ्यांपासून दूर, खिडकीत.

वेगळा गिलास म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आष्टीकडच्या आमच्या गावात माझ्या आजीनं तो गिलास पाहिलाय, त्यातून चहा प्यायलाय, आणि बौद्ध झाल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवून घरी आलीय. मी सरळ म्हटलं, "काकाजी, थो खिडकीतला गिलास माह्यासाठी असन तं चहा राहू द्या. खोलीही राहू द्या."

सांडशी हातात धरून ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना माझं म्हणणं कळायलाच वेळ लागला. मग म्हणाले, "थो माहा आहे, बाई. तुमी कायले त्यातून प्यान?"

"तुमचा वेगळा काऊन?"

"मले कावीळ आहे न."

"कधीपासून?"

"पैदा झालो तेव्हापासून."

आता हसावं की पळावं? मी नीट पाहिलं, तर डोळ्यांचं पांढरं खरोखरच पिवळसर होतं. बाकी माणूस ठणठणीत. त्यांनी मला मांडणीवरच्या गिलासात चहा दिला. त्या गिलासावर कुठल्यातरी नवरा-नवरीची नावं आणि 'विवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट' असं कोरलेलं. स्वतः खिडकीतला घेतला. त्यात चमचाभर साखर वरून घातली आणि ढवळलीच नाही. अर्धा चहा पिऊन झाल्यावर त्यांनी माझ्याशी बोलता बोलताच, तिकडे न पाहता, गिलास बाजूला धरला. आतल्या दारातून एक बाई आली. पन्नाशीच्या पुढची, पण दोन वेण्या आणि लाल रिबिनी. तिनं गिलास घेतला, जमिनीवर फतकल मारून उरलेला चहा प्याली आणि तळाची साखर बोटानं चाटून पुसली.

"ही माही बहीण, लहानी," ते म्हणाले.

"मंग हे काऊन पिते तुमच्या गिलासातून? हिले नाई होत कावीळ?"

"तिले कोण समजावन? लहानपणापासून पिते. माय मारे, तरी पिये."

खोली मी घेतली.

त्यांच्या घराण्याचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. अजून आहे, पुतणे चालवतात. पण काकाजींना गल्ल्यावर कधी बसू दिलं नाही. गिऱ्हाईक भांडं घ्यायला येतं, त्यातून जेवायचं असतं, आणि विकणाऱ्याचे डोळे असे पिवळे. वडिलांनी त्यांना दुकानाच्या मागच्या अंगाला, पोत्यांच्या आड बसवलं आणि हातात नावं टाकायचं मशीन दिलं. सगळ्या वर्ध्याच्या लग्नांतल्या भांड्यांवर त्यांनीच नावं कोरली. ज्या भांड्यांवर काही चुकलं, गिऱ्हाइकानं घ्यायला नकार दिला, ती ते घरी आणायचे. म्हणून त्या घरात ताट कोणाचं, वाटी कोणाची, तांब्या कोणाचा, सगळी परक्यांची लग्नं. खिडकीतल्या एका गिलासावर तेवढं काही लिहिलेलं नव्हतं.

मी एकदा चिडवलं, "इतके लग्नं लावले काकाजी, सोताचं काऊन नाई?"

ते हसले. "हळद मले लागलीच नाई, बाई. ना पोटाले, ना अंगाले."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं होतं आणि ते शब्दशः खरं होतं. कावीळवाल्याला हळद द्यायची नाही हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत. त्यांच्या आईनं मुलाचे डोळे पिवळे पाहिले आणि त्याच्या जेवणातली हळद बंद केली, ती कायमचीच. तेलही जेमतेम. पांढरं वरण, पांढरी भाजी, पांढरी कढी. आई गेली, वडील गेले, तरी काकाजींच्या घरी रोज दोन भांडी चढायची, एक लहानीचं पिवळं आणि एक त्यांचं पांढरं. दोन्ही तेच रांधायचे. लहानपणी अल्लीपूरकडच्या कोण्या वैदूनं त्यांच्या डोक्यावर काविळीची माळ ठेवली होती. ती माळ कावीळ उतरेल तशी वाढते आणि अंगावरून खाली सरकते म्हणतात. त्यांची माळ सरकत सरकत पायापर्यंत गेली, सगळ्यांनी नारळ फोडला, आणि सकाळी पाहतात तर डोळे तसेच. मग दुसऱ्या कोणी मनगटावर डागलं. ते डाग अजून दिसतात. मुली पाहायला गेले तर मुलीचा बाप यांच्या डोळ्यांत पाही आणि पाणी न पिताच हो-नाही सांगून टाकी. मोठ्या भावाच्या लग्नात हळदीच्या दिवशी यांना दुकानावर धाडलं होतं, उगाच पाहुण्यांत चर्चा नको म्हणून. त्यांनी त्या दिवशी भावाच्याच लग्नाच्या गिलासांवर नावं कोरली.

हे सगळं ते सांगायचे ते तक्रार म्हणून नाही. आज गाडीला गर्दी होती असं मी सांगते ना, तसं. मलाच राग यायचा. मला राग लवकर येतो. त्याशिवाय बस चालत नाही.

त्यांना भीती एकच होती, आणि ती काविळीची नव्हती. त्या घराण्यात पुरुष हृदयानं जातात. वडील गल्ल्यावर बसल्याबसल्या गेले. काका बैठकीत. मोठा भाऊ स्वतःच्या मुलीच्या लग्नात, पंगतीत बुंदी वाढताना. म्हातारपण कोणी पाहिलंच नाही. आणि काकाजी त्या सगळ्यांच्या वयाच्या पुढे निघून आले होते. त्यांच्यामागं लहानीचं कोणी नव्हतं. तिला लहानपणी ताप डोक्यात गेला म्हणतात, तेव्हापासून ती आहे तिथंच राहिली. तिची वेणी घालणं, तिला भात कालवून देणं, तिची लुगडी धुणं, तिला अंधाराची भीती वाटली की तिच्या खाटेशी बसणं, हे सगळं काकाजी. पुतणे दिवाळीला यायचे. त्यातला थोरला एकदा अंगणात उभा राहून म्हणाला होता, "काका, तुमच्यानंतर आत्याची सोय आमी एखाद्या आश्रमात करू, चिंता करू नका." तो चांगल्या मनानंच म्हणाला असेल. पण काकाजींनी तेव्हापासून चिंता धरली ती सोडली नाही.

"तिले त्या आश्रमात दुसऱ्याच्या गिलासातून कोण पिऊ देईन?" ते मला म्हणाले. "मले तिच्या आधी जाताच येत नाई, बाई. माहं तेवढंच आहे. ती गेली की त्याच दिवशी गेलो तरी चालते."

मग एका पावसाळ्यात त्यांना ताप भरला. मी त्यांना बळजबरीनं सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेले. लहानीही सोबत. तिला बस फार आवडायची, खिडकीशी बसवून मी तिच्या हातात तिकिटाच्या रोलाचं शेपूट दिलं की ती गप्प. तापाचं काही विशेष निघालं नाही, पण रक्ताच्या रिपोर्टवर डॉक्टरबाई थांबल्या. तरुण होत्या, चष्मा, बोलायला गोड. त्यांनी विचारलं, "डोळे कधीपासून असे?" आणि काकाजींनी ते त्यांचं पैदा झाल्यापासूनचं सांगितलं. आणखी तपासण्या झाल्या. पुढच्या फेरीला त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला कावीळ नाहीये. कधीच नव्हती."

काकाजी माझ्याकडे पाहायला लागले, जणू मीच काही केलंय.

डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. रक्तात बिलीरुबीन नावाचा पिवळा पदार्थ प्रत्येकालाच असतो, जुन्या झालेल्या रक्तातून तो निघतो आणि लिव्हर त्याला बाहेर टाकतं. काही माणसांचं लिव्हर उत्तम असतं पण हे एक काम जन्मतःच जरा सावकाश करतं. मग डोळे थोडे पिवळे दिसतात. उपास, जागरण, ताप, दगदग झाली की आणखी दिसतात. त्याला इंग्रजीत एक नाव आहे. ना औषध लागतं, ना पथ्य, ना कोणाला लागण होते. "हळद खा, तेल खा, सगळं खा."

मी लहानीकडे बोट दाखवलं. "हे लहानपणापासून यांच्या उष्ट्यातलं पिते. तिले काई झालं नाई, हे घरात कोणालेच दिसलं नाई काय?"

डॉक्टरबाई हसल्या, आणि त्यांना वाटलं असणार की म्हाताऱ्याला थोडा आनंद द्यावा. त्या म्हणाल्या, "उलट आजोबा, ज्यांचं बिलीरुबीन असं थोडं जास्त असतं, त्यांना हृदयाचा आजार जरा कमी होतो असं काही ठिकाणी दिसून आलंय." मग लगेच पुढं, आणि हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, "पण ते याच्यामुळेच होतं की कसं, हे अजून नक्की नाही. त्याच्या भरवशावर राहू नका. तुमचं बीपी वाढलेलं आहे. ही गोळी रोज घ्यायची."

माणूस ऐकतो किती आणि घरी नेतो किती, हे मला बसमध्ये रोज दिसतं. काकाजींनी हळद खा हे ऐकलं नाही. लागण होत नाही हेही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. दवाखान्याबाहेर चहाच्या ठेल्यावर मी म्हटलं, "घ्या, आता ठेल्याच्या गिलासात घ्या." त्यांनी पिशवीतून आपला गिलास काढला, तो पुढं केला, अर्धा चहा प्याले आणि बाजूला धरला. लहानीनं घेतला. बीपीची गोळी त्यांनी खिशात टाकली. पण हृदयाचं ते वाक्य मात्र, शेपूट तोडून, त्यांनी घट्ट धरून ठेवलं.

"बिलीरुबीन," ते वाटेत म्हणाले. पुन्हा म्हणाले. "नाव तं चांगलं आहे, बाई."

त्यानंतर त्यांनी तो शब्द भाजीवाल्याला सांगितला, दूधवाल्याला सांगितला, पुतण्याला बोलावून सांगितला. गल्लीत त्यांचं नावच बिलीरुबीनवाले काकाजी पडलं. जन्मभर ज्या पिवळेपणानं त्यांना मागच्या अंगाला बसवलं, तोच आता लहानीसाठी उपयोगाला आला, असं त्यांनी मनात पक्कं केलं. आणि डॉक्टरबाईंचं आणखी एक वाक्य त्यांना आठवत होतं, उपास केला की वाढतं. झालं. काकाजींनी उपास धरले.

आता आमच्या घरी उपास-तापास नाहीत, मला त्यातलं फार कळत नाही. पण देवासाठी उपास करणारे मी पुष्कळ पाहिलेत, बिलीरुबीनसाठी करणारा हा एकच. सोमवार धरला, गुरुवार धरला, मग शनिवार. एकादशी, चतुर्थी, प्रदोष, कॅलेंडरात जे लाल-काळं दिसेल ते. शेजारणी म्हणायच्या, काकाजी म्हातारपणी देवाला लागले. ते साबुदाणासुद्धा खायचे नाहीत. साबुदाण्यानं उतरते म्हणे.

आणि उतरली की चढली, हे सांगायचं काम माझं. सकाळी मी युनिफॉर्म घालून फाटकाशी आले की ते तिथं उभे. उन्हाकडे तोंड करून, बोटानं खालची पापणी ओढून. "पाहा बरं बाई, कशी आहे आज?"

पहिल्यांदा मी म्हटलं, "वरण."

"बस, वरणच?"

"पातळ वरण."

दुसऱ्या दिवशी निर्जळी करून आले. मी म्हटलं, "आज पिठलं आहे." एवढा आनंद. दिवसभर शीळ घालत होते म्हणून लहानी सांगत होती. त्याच्या वर बेसनाचा लाडू, तो आमच्या दोघांत सगळ्यात वरचा नंबर. मी थट्टाच करत होते. पण एक सांगते, कोणाच्या डोळ्यांत रोज सकाळी इतकं जवळून पाहायची सवय मला नव्हती, आणि त्यांच्या डोळ्यांत तर सगळ्या जन्मात लोकांनी पाहिलं ते नाही म्हणण्यासाठी. ते पापणी ओढून उभे राहायचे, वारा आला तर डोळ्यांत पाणी यायचं, तरी मिटायचे नाहीत. सुट्टीच्या दिवशी मी उशिरा उठले तरी ते फाटकाशीच असायचे. पाहणारं दुसरं कोणी नव्हतंच न.

गोळीचं विचारलं की म्हणायचे, "उपाशीपोटी गोळी कशी घ्याची? आणि घ्याची कायले? आपल्याजवळ आहे न."

मी भांडले. जेवायच्या ताटावरून भांडले, गोळीवरून भांडले. एकदा लहानीला शिकवून त्यांच्या तोंडात घास कोंबायला लावला, तर त्यांनी तो हसत हसत खाल्ला आणि प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं. डॉक्टरबाईंना जाऊन सांगितलं, तर त्यांची बदली झालेली. नव्या डॉक्टरांनी म्हटलं, त्यांना घेऊन या. ते यायला तयार नाहीत. अशा माणसाला काय करावं?

थंडीच्या दिवसांत, एकादशीच्या पारण्याच्या सकाळी, ते फाटकाशी उभे नव्हते, ओट्यावर बसले होते. बंडी घामानं भिजलेली. माझ्या अंगात स्वेटर होता.

"पाहा बाई," ते म्हणाले. "आज तं बेसनाचा लाडूच असन."

खरंच होता. इतके पिवळे डोळे मी त्यांचे कधी पाहिले नव्हते. त्यांनी जबडा चोळला. डावा हात मांडीवर ठेवला होता तो नुसता टाकल्यासारखा.

"दात दुखून राह्यला काय?"

"जबडा. आणि हात जड झाला. मशीन धरून धरून झालं असन."

"मशीन सोडून तुमाले जमाना झाला, काकाजी. उठा. ऑटो बोलावते."

"गॅस आहे थो. उपासाचा. हृदयाचं नसन बाई हे, बिलीरुबीन आहे न."

मी गल्ली ऐकेल एवढ्या आवाजात ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही, बसमध्येसुद्धा मी ते शब्द वापरत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "लहानी झोपली आहे. तिची वेणी राह्यली."

तिला तशीच उठवली. ऑटोत ती आमच्या दोघांच्या मधे बसली, मोकळे केस, हातात कंगवा. तिनं दादाचा जड झालेला हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि सेवाग्राम येईपर्यंत सोडला नाही.

हृदयच होतं. एक नळी बंद झालेली, ती उघडून आत स्प्रिंग बसवली. डॉक्टर मला मुलगी समजून रागावले, गोळ्या का बंद केल्या म्हणून. मी बिलीरुबीनचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, हे त्यांचं चांगलं. म्हणाले, "धोका थोडा कमी असू शकतो, म्हणजे धोका नाही असं नाही होत. घराण्यात आहे, बीपी आहे, वय आहे. आणि उपाशी राहून रक्त पिवळं केलं म्हणजे हृदयाला काही मिळतं असं कोणी सांगितलं यांना?" कोणी नव्हतं सांगितलं. ते त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

पुतणा आला, सह्या केल्या, फळं ठेवली. लहानीला घरी नेतो म्हणाला, पण लहानी त्याच्या हाताला लागली नाही. मी रजा टाकली आणि तिला घेऊन घरी आले. भात कालवला तो कसाबसा खाल्ला. पण चहा पिईना. मी तिला मांडणीवरच्या गिलासात दिला, तिनं बाजूला सारला. मग माझ्या लक्षात आलं. खिडकीतल्या गिलासात दिला, साखर वरून टाकून, न ढवळता. तिनं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "भरला आहे." तिला अर्धा हवा होता. मी तिच्यासमोर अर्धा प्याले आणि दिला. "दादानं नाई पेला," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. चहा नाही, मग पाणीही नाही, मग भातही नाही. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ सुकले होते.

मी आयसीयूत भेटीच्या वेळी काकाजींना सांगितलं नसतं. पण त्यांनीच पहिला प्रश्न तो केला, "चहा पेली काय ती?" मला खोटं बोलता आलं नाही.

ते म्हणाले, "माहा गिलास घेऊन या."

संध्याकाळी थर्मास आणि गिलास घेऊन गेले. सिस्टर म्हणाली, चहा चालणार नाही यांना. मी म्हटलं, प्यायचा नाहीये, फक्त ओठ लावायचेत. ती बिचारी भली होती, तिनं दुसरीकडे पाहिलं. काकाजींनी नळ्या लावलेल्या हातानं गिलास धरला, ओठ टेकवले आणि बाजूला धरला. मी तो घेतला, पदराखाली झाकून बाहेर बाकावर बसलेल्या लहानीला आणून दिला. तिनं माझ्याकडे पाहिलं, काचेच्या दाराकडे पाहिलं आणि गटागटा प्याली. त्या बाकावर मी रडले. लहानीनं कंगव्यानं माझे केस विंचरले.

घरी आल्यावर काकाजींनी गोळ्या सुरू केल्या. पण फाटकावरचं काही सुटलं नाही. "पाहा बरं बाई." मी रोज म्हणायचे, "पिठलं." डोळे कसेही असोत, पिठलं. पिठलं म्हटलं की ते निश्चिंत जेवायचे. मी खोटं बोलते हे त्यांना कळत होतं, आणि त्यांना कळतं हे मलाही कळत होतं. तरी ते विचारायचे आणि मी वाकून, नीट पाहून, सांगायचे.

मग आईचं दुखणं निघालं आणि मी बदली मागून आर्वीच्या डेपोत गेले, गावाजवळ. निघताना लहानीला तिकिटाचा आख्खा उरलेला रोल दिला. काकाजी म्हणाले, "येजा." एवढंच म्हणाले आणि आत गेले.

अधूनमधून फोन व्हायचा. एक दिवस त्यांनीच केला. सकाळची वेळ, माझी बस स्टँडवर लागलेली, प्रवासी चढत होते.

"बाई, लहानी गेली," ते म्हणाले. "छातीत कफ झालता. झोपेत गेली." मग म्हणाले, "माह्या आधी गेली."

त्यांच्या आवाजात काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. मोठं ओझं ठरल्या जागी नेऊन ठेवल्यावर माणूस जसा बोलतो, तसं काहीतरी. मी घंटी मारायची विसरले, ड्रायव्हरनं दोनदा मागं वळून पाहिलं.

सुट्टी मिळाली तेव्हा गेले. दार उघडंच होतं. काकाजी ओट्यावर नव्हते, फाटकाशीही नव्हते, आत भिंतीला टेकून बसले होते. मांडणीवरचं पिवळ्या वरणाचं भांडं पालथं होतं. घर इतकं शांत की दूधवाला दोन घरं पलीकडे बोलतो ते ऐकू येत होतं. लहानीच्या खाटेवर तिच्या रिबिनी घडी करून ठेवलेल्या.

"गोळ्या घेता न?" मी विचारलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

"घेतो. सवय झाली." त्यांनी छातीवर हात ठेवला. "डॉक्टर म्हणते एकदम चांगलं चालू आहे. आता चांगलं चालून काय करून राह्यलं हे? याले कोणीतरी सांगा न, झालं तुहं काम म्हणून."

मी खिडकीचा पडदा सारला. ऊन आत आलं. "या उजेडात," मी म्हटलं. "डोळे पाहू द्या."

"आता कायले?"

ते उठले आणि चहा ठेवला. मी जाऊन करते म्हटलं तर हातानं थांबवलं. मला तोच लग्नातला गिलास दिला, स्वतः खिडकीतला घेतला. साखर वरून टाकली, ढवळली नाही. पुतणे येऊन गेले, आंघोळीचं पाणी आता एकाचंच तापवतो, भाजीवाला लहानीसाठी रोज एक गाजर द्यायचा तो अजून देतो, असं काय काय सांगत होते. सांगता सांगता अर्धा चहा प्याले आणि तिकडे न पाहता त्यांनी गिलास बाजूला धरला.

हात तसाच राहिला. त्यांच्या ध्यानात आलं होतं, ते मला दिसलं, पण गिलास परत घेणं त्यांना जमेना. मनगटावरचे ते जुने डाग उन्हात दिसत होते.

मी माझा गिलास खाली ठेवला. त्यांच्या बाजूला, लहानी बसायची तिथं, जमिनीवर जाऊन बसले आणि त्यांच्या हातातला गिलास घेतला.

"अवो बाई," ते म्हणाले, "थो माहा गिलास आहे."

"ठाऊक आहे," मी म्हटलं, आणि प्याले. चहा निवला होता. तळाला साखर होती, ती बोटानं पुसून खाल्ली.